कुत्रा दारातून निसटतो? ट्रेनरच्या आधी फॅब्रिकेटरला बोलवा

तक्रार घरोघरी जवळपास त्याच शब्दांत ऐकू येते. "घरात अगदी शहाणा आहे हो, बस म्हटलं की बसतो. पण दार उघडलं की संपलं." बेल वाजते, कुणीतरी पार्सल घ्यायला हात पुढे करतं आणि हा पायांमधून थेट जिन्यात. मग अनवाणी धावाधाव, वॉचमनला हाका, आणि बऱ्याच वेळाने स्वारी शेजारच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये सापडते. दोन दिवस सगळे सावध असतात. तिसऱ्या दिवशी दूधवाला येतो.

अशा वेळी लोक पहिल्यांदा ट्रेनर शोधतात. ट्रेनर हवाच, पण माझ्या मते त्याच्या आधी लोखंडी जाळीचं काम करणारा फॅब्रिकेटर हवा. कारण साधं आहे. या खोडीला बाहेरून बक्षीस द्यावंच लागत नाही, निसटणं हेच बक्षीस असतं. बाहेर वास आहेत, मांजर आहे, दुसरी कुत्री आहेत आणि वर घरातली सगळी माणसं मागे धावतायत. कुत्र्याच्या दृष्टीने यापेक्षा चांगला खेळ नाही. तुम्ही त्याला दहादा अडवलं आणि अकराव्यांदा तो निसटला, तर त्याच्या डोक्यात तो अकरावा बसतो. लॉटरी कधीतरीच लागते म्हणून माणूस तिकीट घेणं सोडत नाही, तसंच हे. शिकवणं चालू असताना अधूनमधून दाराची ही लॉटरी लागत राहिली, तर खोड कमी होण्याऐवजी आणखी चिवट होते. म्हणून आधी दार पक्कं करायचं, शिकवणं त्याच्यामागून.

आधी बघा, तो कशासाठी पळतो

आठवडाभर एक वही दाराजवळ ठेवा. किती वाजता निसटला किंवा निसटायला गेला, दार कुणी उघडलं, बाहेर काय होतं, घरात कोण होतं, एवढंच लिहा. उगाच तक्ते नकोत. चित्र आपोआप दिसायला लागतं.

घरात माणसं असताना, बेल वाजल्यावर पळतो आणि खाली जाऊन तुम्हाला चकवत राहतो, तर ती मजा आहे. हे सगळ्यांत जास्त दिसतं आणि सगळ्यांत लवकर सुटतं. अशा कुत्र्याचा दिवसभराचा हिशेबही मांडा. सकाळी दहा मिनिटं खाली नेऊन आणलं आणि बाकी दिवस हॉलमध्ये, असं असेल तर दार हीच त्याची एकमेव करमणूक आहे. वास घेत, रमतगमत होणारा लांबचा फेरफटका इथे निम्मं काम करतो.

नर आहे, नसबंदी झालेली नाही आणि वर्षातल्या ठरावीक दिवसांत वेड्यासारखा दाराकडे ओढ घेतो, तर कारण उघड आहे. त्याबद्दल पुढे.

फक्त तुम्ही बाहेर गेल्यावर दार ओरबाडतो, लाळ गाळतो, विव्हळतो, चौकट कुरतडतो, तर ही खोड नाही. त्याला एकटं राहण्याची धास्ती वाटते. जुना मोबाईल खोलीत रेकॉर्डिंगवर ठेवून जा. तुम्ही गेल्यावर काही मिनिटांतच सगळं सुरू झालेलं दिसलं, तर या लेखातल्या जाळ्या-कड्या त्याला थांबवतील, पण बरं करणार नाहीत. उलट कोंडल्यावर नखं तुटेपर्यंत ओरबाडणारे कुत्रे असतात. तिथे वर्तनाची जाण असलेला पशुवैद्यच गाठा.

आणि मोठ्या आवाजाने बिथरून पळणारा. तोही वेगळा. मजेत पळालेला कुत्रा सोसायटीच्या आवारात घुटमळतो. घाबरून पळालेला मात्र दिशा न बघता धावतो, ओळखीच्या हाकेलाही थांबत नाही आणि मैलभर लांब कुठल्यातरी गाडीखाली दडून बसतो.

दोन दारांचा नियम

कुत्रा आणि रस्ता यांच्यामध्ये कायम दोन अडसर हवेत, आणि एक बंद झाल्याशिवाय दुसरा उघडायचा नाही. नियम एवढाच. घरातल्या प्रत्येकाला, कामवाल्या मावशींना आणि येणाऱ्याजाणाऱ्या पाहुण्यांनाही तो पाळता आला पाहिजे, म्हणजे तो कुणाच्या आठवणीवर अवलंबून नको.

आपल्याकडच्या फ्लॅटला बहुतेकदा सेफ्टी डोअर असतंच. पण ते मुख्य दाराला इतकं चिकटून असतं की दोन्ही दारं एकदमच उघडली जातात, मग दोन असून एकच. तुमच्याकडे असं असेल तर दुसरा अडसर आतल्या बाजूला घ्या. बाहेरच्या खोलीतून आत जायच्या तोंडाशी किंवा पॅसेजमध्ये कमरेएवढं जाळीचं फाटक बसवायचं. लहान मुलांसाठी मिळणारी दाबून बसवायची फाटकं पिल्लाला आणि छोट्या जातीला पुरतात. लॅब्रेडॉर त्याच्यावर अंग टाकतो आणि फाटक भिंतीसकट नाही तरी स्क्रूसकट खाली येतं. मोठ्या कुत्र्याला चौकटीत बोल्टने आवळलेलंच हवं. फॅब्रिकेटरला सांगताना तीन गोष्टी ठणकावून सांगा. गज उभे हवेत, आडवे नकोत, आडव्यांची शिडी होते. दोन गजांमधलं अंतर कुत्र्याच्या डोक्यापेक्षा कमी हवं, आणि पिल्लू असेल तर माप पिल्लाचं घ्यायचं. कडी कुत्र्याच्या पंजाला पोचणार नाही अशा उंचीवर, शक्यतो बाहेरच्या बाजूला. हुशार कुत्रे सरकवायची कडी नाकाने उघडतात. फाटक उघडं टाकून जाणाऱ्यांचं घर असेल, तर आपोआप मिटणारी स्प्रिंगची बिजागरी घ्या. तिचा खर्च फारसा नाही आणि भांडणं वाचतात.

एक सूचना. जाळी पुढे आणून सोसायटीच्या सामाईक पॅसेजमध्ये बसवू नका. आग लागली तर ती सगळ्यांची वाट आहे, आणि कमिटीचं पत्र येईल ते वेगळंच.

फाटक बसेपर्यंतचे दिवस कसे काढायचे? बेल वाजली की आधी कुत्रा, मग दार. दाराशेजारी हुकला एक साखळी-पट्टा कायम लटकत ठेवा. पट्टा लावायचा, दुसऱ्या टोकाला जड पलंगाचा पाय किंवा घरातला माणूस, मगच कडी काढायची. दारातला माणूस अर्धा मिनिट थांबतो, काही बिघडत नाही. घंटागाडीच्या वेळेला मात्र हे हटकून फसतं, कारण तेव्हा एका हातात कचऱ्याची बादली असते आणि गाडी निघून जायची घाई असते. त्या वेळी कुत्र्याला आधीच आतल्या खोलीत घालून दार ओढून घ्या. गॅसचा सिलिंडर येतो तेव्हाही तेच. दार सताड उघडं राहतं, माणूस खांद्यावर ओझं घेऊन आत येतो आणि त्याच्या पायात कुत्रा आला तर दोघांनाही लागतं.

गॅलरी, गच्ची, लिफ्ट

मुंबई-ठाणे-पुण्यात कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी बघून लोक निर्धास्त होतात. ती कबुतरांसाठी आहे. कुत्र्याचं वजन पेलायला ती बनवलेलीच नाही, उन्हाने ठिसूळ होते आणि पिल्लू बसल्या जागी तिला भोक पाडतं. गॅलरीत कुत्रा एकटा सोडायचा असेल तर खालचे तीन-साडेतीन फूट लोखंडी जाळी हवी. कठड्याजवळच्या कुंड्या, खुर्ची, एसीचं बाहेरचं यंत्र, ज्यावर चढून तो कठड्याच्या वर पोचेल ते सगळं हलवायचं. गच्चीच्या कठड्याबाबत तर मी कुणाचंच ऐकत नाही, पट्टा सोडायचाच नाही. कुत्रा कबुतरामागे धावतो तेव्हा त्याला कठड्यापलीकडे काय आहे ते माहीत नसतं.

लिफ्टमध्ये शिरताना पट्टा आखूड धरा आणि कुत्र्याबरोबरच आत जा. कुत्रा आत, माणूस बाहेर आणि मध्ये पट्टा, अशा स्थितीत दार मिटून लिफ्ट हलली तर फास बसतो. लांब-आखूड होणारा पट्टा असेल तर लिफ्टच्या आधीच त्याचं बटण दाबून पक्का करायचा. हे क्वचित घडतं, पण घडतं तेव्हा सोडवायला वेळ मिळत नाही.

बंगला, रो हाऊस, गावचं घर

इथे दाराचा प्रश्न मागे पडतो आणि कुंपणाचा पुढे येतो. संध्याकाळी कुत्र्याच्या उंचीवर वाकून कंपाउंडला एक फेरी मारा. उभ्याने दिसत नाही ते वाकल्यावर दिसतं. सरकत्या गेटखालची रुळाची फट, सांडपाण्याचा पाइप जातो ते भोक, शेजाऱ्याच्या भिंतीचा पडलेला कोपरा, भिंतीला टेकवून ठेवलेली जुनी फरशी. भिंतीजवळ लावलेली गाडी ही तर पायरीच. बॉनेट, मग टप, मग रस्ता.

भिंत किती उंच हवी हे जातीवर आहे. पगला तीन फूट पुष्कळ. कारवान किंवा मुधोळ पाळला असेल तर चार फुटांची भिंत असून नसल्यासारखी. दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकात माळरानावर ससे धरण्यासाठी पिढ्यान्पिढ्या जोपासलेली ही जात, समोर हललेल्या वस्तूमागे सुटणं हा तिचा जन्मजात धंदा. त्यांना सहा फुटांच्या आसपास उंची हवी. आणखी एक, त्यांची मान जवळपास डोक्याएवढीच जाड असते. साधा पट्टा मागे ओढ घेतली की कानांवरून सटकन निघतो. या कुत्र्यांना ओढल्यावर थोडा आवळणारा रुंद पट्टा किंवा छातीवरून येणारा हार्नेस लावा. बाकीच्यांना साधा पट्टा चालतो, फक्त मान आणि पट्टा यांत दोन बोटं सरकतील आणि तिसरं अडेल इतपत आवळा.

खणून निसटणाऱ्यांसाठी, विशेषतः बीगलसाठी, कुंपणाच्या पायथ्याला जाळी आतल्या बाजूला काटकोनात वळवून फूटभर जमिनीत गाडायची आणि वर दगड टाकायचे. कुत्रा कुंपणाला लागूनच खणतो. पंजाला जाळी लागली की दोन पावलं मागे जाऊन खणायचं त्याला सहसा सुचत नाही. काटेरी तार मात्र नको. तिच्याखालून घुसताना पाठ फाटते, आणि घुसायचं तो थांबत नाहीच.

"मग साखळीने बांधूनच ठेवतो" हे उत्तर फार ऐकू येतं. दिवसभर बांधलेला कुत्रा सुटला की दुप्पट जोराने पळतो आणि येणाऱ्यावर भुंकण्याचं प्रमाणही वाढतं. भिंतीजवळ बांधलेला कुत्रा भिंत ओलांडायला गेला तर पलीकडे लटकून मरतो, हा धोका लोकांच्या लक्षातच येत नाही. कायद्याचं म्हणाल, तर प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यातलं ११ वं कलम जनावराला अवाजवी आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ बांधणं, तसंच नेहमी बांधलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवायला न नेणं, हे दोन्ही गुन्हे मानतं. दुसऱ्या बाजूने, तुमचा कुत्रा मोकाट सुटून कुणाच्या जिवाला धोका किंवा गंभीर इजा होण्याची शक्यता असेल आणि तुम्ही पुरेशी काळजी घेतली नसेल, तर भारतीय न्याय संहितेचं २९१ वं कलम आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे बांधून टाकणं आणि सोडून देणं यांच्या मधलं काहीतरी उभं करावंच लागतं, आणि ते म्हणजे कुंपण.

ऑनलाइन मिळणारे विजेचा झटका देणारे गळपट्टे, ज्यांना 'अदृश्य कुंपण' म्हणून विकतात, त्यांच्या भानगडीत पडू नका. मांजर दिसल्यावर कुत्रा झटका सोसून बाहेर जातो, मग परत येताना तोच झटका त्याला बाहेरच ठेवतो. शिवाय बाहेरचं आत येण्याला त्याने काहीच अडत नाही.

बाहेरचं आत येण्याचा मुद्दा जुन्नर, आंबेगाव, शिरूर, संगमनेर, अकोले, सिन्नर या पट्ट्यात फार गंभीर आहे. अकोले भागात बिबट्याच्या विष्ठेवरून त्याच्या खाण्याचा अभ्यास झाला, त्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. उसाच्या कडेच्या वस्तीवर अंगणात बांधलेला कुत्रा राखणीला नसतो, तो ताट वाढून ठेवल्यासारखा असतो. मुंबईत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून राहणाऱ्यांनाही हे लागू. दिवेलागणीनंतर कुत्रा पडवीत नव्हे, घरात. पडवीतच ठेवायचा तर वरून झाकलेला, चारी बाजूंनी जाळीचा पिंजरा हवा. कोकणात गडग्याच्या भरवशावर कुत्रा रात्री मोकळा ठेवतात. चिऱ्याचा दोन-तीन फुटी गडगा ना कुत्र्याला अडवतो, ना बिबट्याला.

लक्ष आहे म्हणजे कुणाचं?

निसटण्याच्या बहुतेक घटना घरात कुणी नसताना होत नाहीत, सगळे असताना होतात. आईला वाटतं मुलगा बघतोय, मुलाला वाटतं आजोबा हॉलमध्येच आहेत, आजोबा पेपर वाचतायत. म्हणून लक्ष ठेवणं हे एका वेळी एका माणसाचं काम आणि ते तोंडाने बोलून सोपवायचं. "आता तू बघ" आणि समोरून "हो, बघतो" एवढं आलं पाहिजे. मोबाईलवर असलेला माणूस लक्ष ठेवतोय असं धरू नये. कुणालाच लक्ष देता येणार नसेल, तर कुत्रा फाटकाच्या आत किंवा खोलीत जातो, चर्चा नाही.

खोली किंवा पिंजरा ही शिक्षा वाटू नये म्हणून जेवण, चघळायचं खेळणं तिथेच द्या. पिल्लाच्या वयाचे जेवढे महिने तेवढे तास आणि वर एखादा, यापेक्षा जास्त वेळ सलग कोंडून ठेवू नये. मोठ्या कुत्र्यालाही दिवसा चार-पाच तासांनंतर बाहेर काढायलाच हवं. त्या खोलीत लोंबत्या वायरी, उंदराचं औषध, मनुका, चॉकलेट, कांद्याची टोपली काहीही नको.

शाळेतल्या मुलाला दाराची जबाबदारी देऊ नका. मूल प्रेमळ असतं, पण बेल वाजली की मूल आणि कुत्रा दोघेही एकाच वेगाने दाराकडे पळतात. आणि अगदी लहान मूल नि कुत्रा यांना, कितीही गरीब कुत्रा असला तरी, एका खोलीत एकटं सोडायचं नाही.

उंबऱ्यावर थांबायला शिकवणं

आता ट्रेनरचं काम. घरच्या घरीही होतं, फक्त घाई नको आणि सगळ्यांचे शब्द एकच हवेत. थांबण्यासाठी 'थांब', मोकळं करण्यासाठी 'चल'. घरात तिघं तीन भाषांत आज्ञा देत असतील तर आधी ते मिटवा.

कुत्र्याला पट्टा लावा, तो दुसऱ्या माणसाच्या हातात. तुम्ही बंद दारापाशी उभे राहा. कडीला हात लावा. तो उठला नाही, पुढे आला नाही, तर लगेच खाऊ. खाऊ भारी हवा, उकडलेलं चिकन, पनीर, अंड्याचा तुकडा. रोजची पोळी बाहेरच्या मांजरापुढे टिकत नाही. खाऊ तुमच्या हाताकडे ओढून न घेता त्याच्या पायांपाशी, दारापासून लांब ठेवा, म्हणजे मागे राहण्यातच फायदा आहे हे त्याला कळतं. हात लावणं जमलं की कडी वाजवा. मग दार बोटभर उघडा आणि मिटा. मग वीतभर. तो पुढे सरकला की ओरडायचं नाही, दार शांतपणे बंद. दार त्याच्या पुढे येण्याने मिटतं आणि मागे थांबण्याने उघडतं, ही गोष्ट त्याला दारानेच शिकवू द्या. नाक सापडणार नाही इतपत मात्र जपा.

एका बैठकीला तीन-चार मिनिटं पुरे. दार पूर्ण उघडं असताना तो थांबायला लागला की एक पाऊल बाहेर टाका आणि परत या. मग दोन. मग कुणाला तरी जिन्यात उभं करा. बेल सगळ्यांत शेवटी आणा, कारण बेल वाजली की अर्धे कुत्रे डोकं घरात ठेवून धावतात. बेलसाठी वेगळी युक्ती जास्त चालते. बेल वाजली की आपल्या चटईवर जायचं आणि तिथे खाऊ मिळतो. घरातलंच कुणीतरी बाहेर जाऊन बेल वाजवत राहायचं, दारात कुणी नसतानाही. बेल म्हणजे पाहुणा, हे समीकरण त्याच्या डोक्यातून पुसलं गेलं की निम्मा गोंधळ संपतो.

रोजच्या फेरफटक्याला निघतानाही उंबऱ्यावर थांबूनच निघायचं. एरवी ओढत बाहेर पडू देणार आणि पार्सल आल्यावर थांबायला सांगणार, हे कुत्र्याला कळणार नाही. आणि एवढं सगळं जमल्यावर फाटक काढून टाकू नका. शिकलेला कुत्राही फटाका ऐकून शिकलेलं विसरतो.

भादवा आणि दिवाळी

आपल्याकडे कुत्र्यांचा भादवा म्हणीत जाऊन बसलाय तो उगाच नाही. रस्त्यावरच्या कुत्र्यांचा माजाचा काळ पावसाळ्याच्या उतरणीला जोरात असतो. नेमकं तेव्हाच गणपती असतात, घराचं दार दिवसभर उघडं, उंबऱ्याबाहेर चपलांचा ढीग, आरतीला झांजा, बाहेर ढोल-ताशा. ज्याच्या नराची नसबंदी झालेली नाही त्याने या दिवसांत दोन अडसरांचे तीन करावेत. नसबंदीने बऱ्याच नरांचं भटकणं कमी होतं, पण अंगवळणी पडलेली पळायची सवय त्याने जात नाही, त्यामुळे ती करून घेतली म्हणून फाटक वाचत नाही. कोणत्या वयात करायची ते पशुवैद्याला विचारा, मोठ्या जातींत थोडं थांबायला सांगतात. मादी माजावर असते ते साधारण तीन आठवडे तिला खाली नेताना कायम पट्टा, आणि कंपाउंडमध्येही एकटं सोडायचं नाही. भिंत तिला अडवेल, बाहेरून येणाऱ्यांना नाही.

पाहुणे यायच्या दिवसांत कुत्र्याला आतली खोली, पंखा, चघळायला काहीतरी आणि तासातासाने कुणाची तरी फेरी. दारावर 'कुत्रा आहे' अशी पाटी असते, तिथे 'जाळीचं दार लावून घ्या' असं लिहा. जास्त उपयोगी आहे.

दिवाळीत संध्याकाळचं सगळे जपतात, पण नरक चतुर्दशीची पहाट विसरतात. अभ्यंगस्नान झालं की पहिला फटाका अंधारातच वाजतो, आणि पाच-साडेपाचला कुत्र्याला खाली नेणारा माणूस नेमका तेव्हा रस्त्यावर असतो. त्या दिवसांत उजाडल्यावर, वातावरण शांत असताना बाहेर काढा. पट्टे दोन लावा, एक गळ्यातल्या पट्ट्याला, एक हार्नेसला. फार घाबरणारा असेल तर दिवाळीच्या दोन-तीन आठवडे आधी पशुवैद्याकडे जाऊन औषधाचं बोला. ऐनवेळी माणसांच्या झोपेच्या गोळ्या देऊ नका. नुसती गुंगी आणणारं औषध भीती कमी करत नाही, कुत्रा हलू शकत नाही एवढंच. भीतीपोटी तो तुमच्या कुशीत शिरला तर जवळ घ्या. त्याने भीती वाढते हा समज चुकीचा आहे.

निसटलाच तर

मागे धावू नका. तुम्ही धावलात की तो शर्यत समजतो, आणि समोर रस्ता असतो. हाक मारा, तो बघतोय असं दिसलं की उलट दिशेला चालायला लागा, किंवा खाली बसून जमिनीत काहीतरी सापडल्यासारखं करा. बिस्किटाचा डबा खुळखुळवा. गाडीत बसायची आवड असेल तर गाडीचं दार उघडा. जवळ आला की झडप घालू नका, खाऊ द्या आणि खाताना पट्ट्यात बोट अडकवा. आणि आल्यावर रागवायचं नाही, कितीही राग आलेला असला तरी. मार खाल्लेला कुत्रा पळायचं थांबत नाही, परत यायचं थांबतो.

घाबरून पळालेल्याचं वेगळं. मोठमोठ्याने हाका मारणाऱ्या वीस जणांच्या घोळक्याने तो आणखी लांब जातो. दोघंच जा, गाड्यांखाली, जिन्याखाली, बांधकामाच्या जागी बघा, आणि रात्री उशिरा किंवा पहाटे रहदारी थांबल्यावर पुन्हा बघा. त्याचं अंथरूण दाराबाहेर ठेवा. सफाई कर्मचारी, रात्रपाळीचे वॉचमन आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांना खायला घालणारी मंडळी यांना फोटो दाखवा, या लोकांना नवा कुत्रा लगेच ओळखू येतो. महापालिकेच्या कुत्रे ठेवण्याच्या केंद्रात स्वतः जाऊन बघा, फोनवर वर्णन सांगून काही कळत नाही.

गळ्यात मोबाईल नंबर कोरलेला बिल्ला आणि कातडीखाली मायक्रोचिप, दोन्ही असावं. चिप जागा सांगत नाही, ती वाचकयंत्र फिरवल्यावर फक्त नंबर देते, तेव्हा बिल्ला हवाच. परत आल्यावर अंगभर हात फिरवून चावा किंवा ओरखडा आहे का बघा. रेबीजची लस वेळेवर दिलेली असली तरी जखम दिसली तर धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. त्याला पकडताना माणसाला चावा किंवा ओरखडा बसला असेल तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच दवाखाना गाठा.

महिनाभर बरा होता, परत सुरू झालं

हे होतंच, आणि कारणं ठरलेली असतात. सगळ्यांत आधी विचारा, मधल्या काळात फाटक उघडं कुणी ठेवलं? बहुतेक वेळा गावाहून आलेले पाहुणे किंवा नवीन कामवाली असते, आणि त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. दुसरं, खाऊ एकदम बंद केला का? तो हळूहळू विरळ करायचा, कधी तिसऱ्यांदा, कधी पाचव्यांदा. तिसरं वय. सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत कुत्रा शिकलेलं विसरल्यासारखं वागतो, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, दोन पायऱ्या मागे जाऊन कडी वाजवण्यापासून पुन्हा सुरू करा. चौथं, घर बदललं का? जुन्या दारावर शिकलेलं नव्या दारावर आपोआप येत नाही, ते नव्याने शिकवावं लागतं. आणि पावसाळ्यानंतर फाटकाची बिजागरी, कडी, जमिनीलगतची जाळी हाताने हलवून बघा. कोकणपट्टीत एका पावसात कडीचा स्क्रू गंजून हातात येतो, आणि तो कुत्र्याला तुमच्या आधी सापडतो.